शेवटची पानं नसलेलं पुस्तक

ग्रंथपाल : ...ताईच्या पत्राला उत्तर द्यायचंच नव्हतं, असं नाही हो. पाकिटावर पत्ता घालून ठेवला होता. पण माझी ताई आंधळी. म्हणजे पत्र कुणीतरी परकं माणूस तिला वाचून दाखवणार. मग मी... मी काय लिहू त्यात?

दुरुस्तीवाली : काका, पत्राचं आपण मागाहून बोलू. मुठीत काय आहे ते आधी इकडे द्या. अहो, सोडा की. मी खात नाही त्याला.

ग्रंथपाल : जपून. त्यात तिच्या पत्राचं उत्तर आहे. होतं. आज संध्याकाळच्या टपालानं जायलाच हवं ते. डोळे गेलेच होते, आता तिचे कान जाताहेत. डॉक्टर म्हणाले, जे ऐकवायचं ते लवकर ऐकवा.

दुरुस्तीवाली : फोन नाही का करत?

ग्रंथपाल : करतो. पण माझं बो... बोलणं हे असं. फोनवर तर तोंडच उघडत नाही. ती तिकडून "अरे बोल, अरे बोल" म्हणते आणि मी इकडे घामाघूम. वाचताना मात्र मी अडत नाही. म्हणून वाचून रेकॉर्ड केलं. सगळं पुस्तक.

दुरुस्तीवाली : बरं, आता झालं काय ते सांगा. काहीही लपवू नका. डॉक्टरपुढे आणि माझ्यापुढे लाज धरायची नाही.

ग्रंथपाल : काल वाचन संपलं. रेकॉर्डरमधून हा पेन ड्राइव्ह ओढून काढला.

दुरुस्तीवाली : दिवा विझल्यावर?

ग्रंथपाल : लुकलुकत होता.

दुरुस्तीवाली : अरे देवा. पुढे?

ग्रंथपाल : भाचीच्या कॉम्प्युटरला लावला. तो म्हणाला, वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल, करू का?

दुरुस्तीवाली : आणि तुम्ही हो म्हणालात.

ग्रंथपाल : मी आयुष्यात कुणाला नाही म्हणालेलो नाही, बाई. यंत्राला कुठून म्हणणार? मग उघडून पाहिलं तर आत काही नाही. पांढरं. गेलं ना सगळं?

दुरुस्तीवाली : त्यानंतर आत काही नवं टाकलंत?

ग्रंथपाल : हातच लावला नाही. रात्रभर समोर ठेवून बसलो होतो, प्रेतापाशी बसावं तसा.

दुरुस्तीवाली : मग रडू नका इतक्यात. तुम्ही काय काम करत होता?

ग्रंथपाल : ग्रंथपाल होतो.

दुरुस्तीवाली : झकास. मग ऐका. तुमच्या ग्रंथालयातली सूचीची कपाटं जळाली, तर पुस्तकं जळतात का?

ग्रंथपाल : नाही. मांडणीवरच असतात. फक्त कुठलं कुठे आहे ते कळत नाही.

दुरुस्तीवाली : तुमची नुसती सूची पुसली गेलीय. आवाज आत असेल. अडचण एवढीच, की या ड्राइव्हवर फायलीची पानं सलग असतीलच असं नाही. जागा मिळेल तिथे तुकडे ठेवतात आणि कुठल्या तुकड्यामागे कुठला, ते सूचीत लिहितात. बरीच पुस्तकं आत-बाहेर झाली असली, तर पानांची खिचडी. किती फायली होत्या?

ग्रंथपाल : एकच.

दुरुस्तीवाली : एकच? अख्ख्या पुस्तकाची?

ग्रंथपाल : एक ग्रंथ, एक नोंद. चाळीस वर्षं तेच केलं. रोज वाचून झालं की रेकॉर्डर नुसता थांबवायचो, बंद करायचो नाही. भाची म्हणाली होती, मामा, प्रकरणागणिक वेगळी फाईल करा. मी ऐकलं नाही. चुकलंच ना?

दुरुस्तीवाली : त्या हट्टानंच वाचवलं तुम्हाला. रिकाम्या ड्राइव्हवर एकच फाईल, म्हणजे सगळी पानं एका रांगेत. थांबा... माझा कॉम्प्युटर अजून शोधतोय. बसा ना, काका. दारात उभं राहून ते लवकर सापडणार आहे का?

ग्रंथपाल : बसवत नाही.

दुरुस्तीवाली : काहीच दाखवत नाहीये... हं. हं! हे घ्या. ऐका.

ग्रंथपाल : नको, नको. बंद करा. किती भिकार वाचलंय.

दुरुस्तीवाली : हा तुमचा आवाज? खरं सांगू? वाटलं दुसराच कुणी आहे. कसली गोष्ट आहे ही?

ग्रंथपाल : एका नावाड्याची. पुरात होडी घेऊन पलीकडच्या मुलीला आणायला जातो. लहानपणी ताई मला वाचून दाखवायची. आमच्या प्रतीची शेवटची पानं फाटली होती, म्हणून रोज रात्री ती नवा शेवट रचायची. कधी नावाडी मासा व्हायचा, कधी मुलगीच पोहत यायची. एकदा तर होडीला पंख फुटले. कुणाकडून तरी लिहवून घेतलेल्या पत्रात तिनं विचारलं होतं, तुला त्यातला कुठला आवडायचा? मी विसरत चाललेय, तू सांग. वाचून झाल्यावर त्याचंच उत्तर दिलंय मी. शेवटी.

दुरुस्तीवाली : शेवटी?

ग्रंथपाल : का? काय झालं?

दुरुस्तीवाली : काका, आता मात्र बसा. फाईल शब्दाच्या मधेच तुटलीय. "मुलगी काठावर उभी" आणि संपलं.

ग्रंथपाल : पुढचं शोधा ना. असेल तिथेच, मागच्या रांगेत.

दुरुस्तीवाली : नाही हो. ते लिहिलंच गेलं नाही. हा ड्राइव्ह जुन्या पद्धतीनं आखलेला, म्हणजे फॉरमॅट केलेला होता. त्या पद्धतीत एक फाईल चार जीबीच्या पुढे वाढत नाही. बाकी अख्खा ड्राइव्ह मोकळा असला तरी. रेकॉर्डरनं सांगितलं असेल, भरलं म्हणून.

ग्रंथपाल : माझे डोळे पुस्तकात होते. नंतर तर मिटलेच होते.

दुरुस्तीवाली : मग उत्तर पुन्हा वाचा. कागद आहे ना?

ग्रंथपाल : कागद नव्हता. पुस्तक मिटलं आणि तसाच बोलत गेलो. जन्मात पहिल्यांदा, कागदाशिवाय, न अडखळता. ते पुन्हा नाही व्हायचं. राहू द्या. पाठवतच नाही. नाहीतरी माझ्या हातून...

दुरुस्तीवाली : ओ काका! तिचे कान थांबणार आहेत का तुमच्यासाठी? तिकडे वाजवायचं यंत्र कुठलं आहे?

ग्रंथपाल : मोठ्या बटणांचा डबा आहे. जुना.

दुरुस्तीवाली : मग त्याला ही कॉम्प्युटरनं केलेली नवी आखणी वाचताच यायची नाही. मी पुन्हा जुन्या पद्धतीनं आखते, गोष्टीचे भाग पाडते आणि क्रमानं टाकते. तोवर तुम्ही या माइकसमोर बसा. लाल दिवा लागलाय. मी बाहेर उभी राहते.

ग्रंथपाल : जाऊ नका. म्हणजे... जा. पण दार लोटून घ्या.

दुरुस्तीवाली : लोटलं.

ग्रंथपाल : ताई. ता... ताई, मी. गोष्ट मधेच तुटेल, घाबरू नकोस. डबा बिघडलेला नाही. तू वि... विचारलंस ना, कुठला शेवट? एका रात्री तू फार दमली होतीस. होडी नदीच्या मधोमध आली आणि तुला झोप लागली. तुझा हात माझ्या डो... डोक्यावर तसाच राहिला. मी हललो नाही. सकाळपर्यंत होडी मधेच होती. तो शेवट. तो... तोच. बाई! झालं! हे बंद कसं करायचं?

दुरुस्तीवाली : मी करते. डोळे पुसा आधी, माइकवर पडतंय.

ग्रंथपाल : फार अडलो का हो?

दुरुस्तीवाली : अडलात. तिला ओळख पटायला तेवढं लागेलच की. अहं! तुमचं उत्तर ड्राइव्हवर जातंय, हात मागे. दिवा विझू दे. ...विझला. आता घ्या, आणि पळा.

(टपालघराची खिडकी.)

टपालवाला : खिडकी बंद करतच होतो. काय आहे यात? हलवून पाहिलं, काही वाजत नाही. रिकामं पाकीट नाही ना देत?

ग्रंथपाल : नाही, नाही. भ... भरलेलं आहे.

टपालवाला : साधं पाठवू?

ग्रंथपाल : सगळ्यात लवकर जाईल तसं. तिला ऐकू येतंय तोवर.