हनुवटीवरचे तीन ठिपके

कॅमेरा घ्यायला जाताना कुणी आजीला सोबत नेतं का? माझ्या नातीनं, सुनंदानं, मला औरादहून उदगीरला नेलं. तिला लग्नाचे फोटो काढायचा धंदा करायचाय.

दुकानदारानं एका भारी कॅमेऱ्यानं माझाच फोटो काढून दाखवला. "बघा अक्का, कशा तरण्या दिसायलात."

खरंच एक सुरकुती न्हाई. पण हनुवटीवरचं गोंदणबी न्हाई.

"माझे तीन ठिपके कुठं गेले ओ अण्णा?"

"डाग असले की ह्यो कॅमेरा आपोआप काढतोय."

"डाग न्हाई त्ये. माझ्या आईच्या हनुवटीवर होतं तसंच तिनं मला गोंदवून घेतलं, मांडीवर डोकं दाबून धरून. तिचा एकबी फोटो न्हाई. याद आली की मी आरशात बघते."

सुनंदा म्हणाली, "अण्णा, त्यो साधा दाखवा."

साधाच घेतला. घरी येऊन तिनं पहिला फोटो काढला, त्यात माझे डोळे न्हाईत, नाक न्हाई, निस्ती हनुवटी. खाली कायतरी लिहिलं. मला वाचता येत न्हाई, म्हणून विचारलं, "काय लिहिलीस गं?"

म्हणाली, "पणजी."