‘सायकल स्टँड’ की ‘नागपूर रोड’

—नाही, पहिली कॅसेट सत्त्याण्णवचीच असेल, पण तू आपलं ‘नव्वदीच्या शेवटी’ एवढंच लिही, बेटा. माझ्या आठवणीवर मीच विश्वास ठेवत नाही, तू कशाला ठेवतेस? परवाच मी सूनबाईला छातीठोकपणे सांगितलं की दुसरी कॅसेट आली तेव्हा या गॅलरीसमोर निंबाचं झाड होतं. प्रेमिला म्हणाली, बाबा, इथे झाड कधी नव्हतंच, इथे पहिल्यापासून विजेचा खांब आहे. खांब. आणि मी कोण, तर वनस्पतिशास्त्राचा डॉक्टर, बांबूच्या फुलोऱ्यावर प्रबंध लिहिलेला. तेव्हा मी जे सांगेन ते कुणाला तरी विचारून घे. निकेशला विचार, बँड त्याचाच. नाहीतर — नाही, त्यांना नको विचारू.

तुझा प्रश्न तसा सरळ आहे. ‘दुसरी पाळी’ या बँडची पहिली कॅसेट चांगली की दुसरी? नागपूरहून बसनं आलीस, मासिकाला उत्तर हवंय, आणि मी मघापासून झाडाचं नि खांबाचं सांगत बसलोय. पण बेटा, या ऊर्जानगरात हा प्रश्न विचारला की लोक आधी इकडेतिकडे बघतात. आणि आज तर — तुला निकेशनं सांगितलंच असेल — संध्याकाळी गच्चीवर तिसरी वाजणार आहे. सीडी आहे आता, कॅसेट नाही. निकेश पुण्याहून घेऊन आलाय. गुणवंतरावही येणार म्हणतात. म्हणतात हं. नऊ वर्षं झाली, आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. ते याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. अगं, तुझ्या त्या रेकॉर्डिंगच्या मशीनवर चहा नाही ना सांडला? बरं झालं.

मी चाहता कसा झालो, हेही तुला हवंय. तक्रार करायला गेलो आणि झालो. मी रिटायर होऊन मुलाकडे राहायला आलो. आमचा हेमराज इथे वीजकेंद्रात इंजिनिअर, क्वार्टर त्याचं. दुपारी डोळा लागायचा आणि वरच्या घरातून ठण्ण, ठण्ण. निकेशच्या आईच्या स्वयंपाकघरात ही पोरं वाजवत बसायची. आई शाळेत शिक्षिका, ती संध्याकाळी घरी यायची, तोवर ओटा यांचा. ड्रम घ्यायला कुठला ड्रम? राजदीप स्टीलची ताटं उपडी घालून त्यावर पळ्यांनी वाजवायचा. निकेश गिटार आणि गाणं. आणि रुपाली शीळ घालायची. हो, शीळ. मुलीनं शीळ घालायची म्हणून तिच्या घरी काय रामायण झालं, ते वेगळं. तर मी चढून गेलो, दार वाजवलं, मनात वाक्य तयार केलं होतं चांगलं — तुम्ही सुशिक्षित घरातली मुलं वगैरे — आणि निकेशनं दार उघडून मलाच विचारलं, ‘सर, बरं झालं आले. ह्या गाण्याचा शेवट असा ठेवू का तसा ठेवू, आमचं भांडण सुरू हाय.’ आता मला कुणी मत विचारलं की मी संपतो. कॉलेजात इतकी वर्षं काढली, पण स्टाफरूममध्ये पंख्याचा वेग किती ठेवू, हेसुद्धा मला कुणी विचारलं नव्हतं. मी आत जाऊन बसलो. दोन्ही शेवट ऐकले. पहिला म्हणालो. जिन्यातून उतरताना वाटलं, दुसराच बरा होता की काय. परत चढलो. तिसऱ्यांदा चढलो तेव्हा राजदीप म्हणाला, सर, तुम्ही आता इथंच थांबा.

ती पहिली कॅसेट — ‘सायकल स्टँड’. त्याच ओट्यावर भरली, साध्या टेपरेकॉर्डरवर. मागे कुकरची शिट्टीसुद्धा आहे एका गाण्यात. पोरांनी काढून टाकू म्हटलं, मीच म्हणालो राहू द्या. ऐकली आहेस ना तू? मग तुला ठाऊक आहे. सगळं कसं बारीक, काचेसारखं. गिटार अशी वरवरून जाते, आणि मग कुठून तरी ती शीळ येते — मला अजून इथे मानेवर काटा येतो, हात लावून बघ, नको, राहू दे. या वयात मी रॉक बँडचा चाहता झालो म्हणून हेमराजनं कपाळाला हात लावला होता. पण मला खरंच वाटायचं की आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट उगवताना मी समोर होतो. रोप नाही, गाणं. एवढंच.

आणि गुणवंतराव. हो, तेही सांगतो, पण ते तू छापू नकोस, किंवा छाप, पण नाव बदल. ते भांडार विभागात मोठे अधिकारी होते, एम.कॉम., कडक माणूस, त्यांच्या गोदामातून खिळा हलायचा नाही म्हणतात. बायको वारल्यावर मुलाकडेच राहिले. एका संध्याकाळी जिन्यात भेटले, मी कॅसेट लावून बसतो म्हटलं, तर म्हणाले, येतो. आणि मग रोज. रोज, बेटा. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी तळमजल्यावरून तीन मजले चढून यायचे. मी कॅसेट लावायचो, ते या खुर्चीत — नाही, तू बस, तू बस, खुर्ची तीच आहे म्हणून काय झालं — ते या खुर्चीत बसायचे आणि एक हात टेपच्या स्पीकरच्या डब्यावर ठेवायचे. असा, तळवा टेकवून. मला ते जरा खटकायचं. वाटायचं, माझा टेप आहे, माझी कॅसेट आहे, हे मालकासारखा हात काय ठेवतात? बोललो नाही. मी असं काही बोलत नाही, मग ते आत साचत राहतं, तो माझा स्वभाव. पण बाकी काय सोबत होती. शीळ आली की मी त्यांच्याकडे बघायचो, ते माझ्याकडे बघत असायचे, आणि मान हलवायचे. वेळेवर. कधी चुकले नाहीत. दोन वर्षं मला वाटत राहिलं की या इमारतीत, या सगळ्या वसाहतीत, एक माणूस आहे ज्याला माझ्यासारखंच ऐकू येतं.

मग नव्व्याण्णवमध्ये दुसरी आली. ‘नागपूर रोड’. पोरांनी नागपूरच्या स्टुडिओत जाऊन भरली. ताटं गेली, खरे ड्रम आले. रुपालीनं शीळ सोडून ती जाड तारांची गिटार घेतली — बेस म्हणतात ना — आणि निकेशचा आवाज खाली, छातीतून. गच्चीवर लावली होती, स्पीकरचे मोठे डबे आणून. मी पहिलं गाणं ऐकलं. बघ, मी वाईट म्हणत नाही. मी तेव्हाही वाईट म्हटलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो की कारखान्यात सकाळची पाळी सुरू झाली असं वाटलं. पोरं हसली. पण गुणवंतराव — ते उठून उभे राहिले. गच्चीवर सगळे खाली सतरंजीवर, आणि हा कडक माणूस उभा, डोळे पाण्यानं भरलेले, आणि म्हणतो, निकेश, पुन्हा लाव. पुन्हा लावलं. पुन्हा म्हणाले, पुन्हा.

त्यानंतर वसाहतीत जे झालं ते तू ऐकलंच असशील. दोन तट. आम्ही सायकलवाले, ते रोडवाले. तुला गंमत वाटेल, पण कंपनीच्या बसमध्ये सायकलवाले डाव्या बाजूला बसायचे आणि रोडवाले उजव्या. एकदा डावीकडे जागा नव्हती तर एक सायकलवाला चंद्रपूरपर्यंत उभा गेला आणि उतरल्यावर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला सीमेवर पाठवलं होतं. गणपतीच्या मंडपात कुठली कॅसेट लावायची यावर बैठक झाली, बैठकीत समिती नेमली, आणि समितीनं आरत्या लावायचं ठरवलं. प्रेमिला पिठाच्या चक्कीवर गेली तर तिथे बायका विचारायच्या, तुमचे बाबा अजून सायकलवरच हाय का? आणि बँडला कुणी विचारलं का? निकेश बिचारा दोन्हीकडे चहा प्यायचा. त्याला वाटायचं, इतकं भांडतात म्हणजे आवडलं असणार.

आणि मी हरत होतो, हे आत्ता सांगायला हरकत नाही. दर शनिवारी गच्चीवर मी मुद्दे काढायचो. साधेपणा, मोकळी जागा, दोन सुरांमधली शांतता. एक अख्खी संध्याकाळ मी बांबूचं उदाहरण दिलं, की बांबू पोकळ असतो म्हणूनच — कुणाला पटलं नाही, मलाही शेवटी शेवटी पटेनासं झालं. गुणवंतराव मुद्दा काढायचे नाहीत. ते म्हणायचे, ‘हे गाणं हाय, सर. बाकीचं मले माहीत नाई.’ आणि मी एका शनिवारी, माझा तोल गेला, मी म्हणालो, मग दोन वर्षं माझ्याकडे येऊन मान कशाला डोलावत होतात? सगळ्यांसमोर म्हणालो. ते म्हणाले — हे मला अक्षर न् अक्षर आठवतं, इथे खांब नाही आणि झाड नाही — म्हणाले, ‘खरं सांगू का, सर? त्या पयल्या कॅसेटमंदी मले कधी काईच भेटलं नाई. मी तुमच्या तोंडाकडं पाहून बसत होतो.’

लोक हसले. मीही हसलो. आणि घरी येऊन कॅसेट कपाटात ठेवली. तुला कळतंय का? मला वाटलं, दोन वर्षं हा माणूस माझी गंमत बघायला येत होता. म्हातारा कसा माना वेळावतो, कसे डोळे मिटतो, ते बघायला. प्रेमिला म्हणाली, बाबा, कॅसेटीपायी कोणी माणूस सोडते का? मी म्हटलं, कॅसेटीपायी नाही. झालं. ते वर यायचे थांबले. मी जिन्यात त्यांची काठी वाजली की दाराशी थांबायचो, ते गेले की उतरायचो. फिरायला मी त्यांच्या गॅलरीवरूनच जातो रोज, तेवढा एकच रस्ता आहे — नाही, दुसराही आहे, मागून, पण तिकडे कुत्री असतात. फारशी नसतात. तू हे नको लिहू.

काय? उत्तर? देतो की. आधी हे सांग, ती काठीच ना जिन्यात? तुला ऐकू आली? मला कधी कधी नुसताच भास होतो. थांब. हो, काठीच आहे. गच्चीवर जायचं तर माझ्या दारावरूनच जावं लागतं. बेटा, लवकर लिही. लिही — दुसरी. ‘नागपूर रोड’ चांगली. पहिल्या सायकलवाल्यानं सांगितलं म्हणून नाव घालून लिही, मोठ्या अक्षरात, त्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल असं. नाही, माझं मत नाही बदललं. मत काय, मत मी मरताना बरोबर नेईन. तू अशी बघू नकोस, खोटं छापायला नाही सांगत मी. दुसरी चांगलीच आहे — दोन माणसं बसून जी सारखीच ऐकू शकतात ती चांगली. आज मी मोठा डबा या खुर्चीशेजारी ओढून ठेवलाय, राजदीपला सांगून सीडी आधी इथेच लावायला लावणार आहे, गच्चीवर नंतर. ते आत आले तर. नाही आले तर — येतील. गेल्या आठवड्यात त्यांनी खालून वर बघितलं होतं. का बघितलं, ते मला माहीत नाही.

मग दुसरी का म्हणजे? तू मशीन बंद कर आधी. केलंस? दिवा अजून लाल आहे. हां.

दोन वर्षांपूर्वी समाजभवनात ज्येष्ठांसाठी तपासणीचं शिबिर होतं. मी गेलो, कारण मला वाटत होतं माझे कान जातायत. ते नाही गेले, डोक्याचंच काहीतरी आहे. माझा नंबर यायचा होता आणि माझ्या आधी, पातळ पडद्याच्या पलीकडे, गुणवंतराव बसले होते. पडदा नीट लागलेला नव्हता. कानावर ते हेडफोनचे मोठे डबे, समोर यंत्र, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आवाज आला की बोट वर करा. घुमणारे जाड आवाज वाजले तसं त्यांचं बोट पटापट वर गेलं, शाळेतल्या मुलासारखं. मग बाईंनी आवाज बारीक करत नेला. वर, आणखी वर, आणि इतका मोठा केला की त्यांच्या कानावरच्या डब्यातून निसटून तो मला पडद्याबाहेर स्वच्छ ऐकू येत होता. शीळ असते ना, तसा. ते अगदी लक्ष देऊन बसले होते. बाई म्हणाल्या, काका, हे जुनं आहे, दहा-पंधरा वर्षांपासून असेल, वयानं होतं, आणि तुम्हाला कळलंही नसेल. मी तिथून उठून आलो, तपासणी न करता. त्यांना जाऊन काय सांगणार होतो?

जा तू आता. आत स्वयंपाकघरात जा, दाराशी ते आहेत — चहा राहू दे. बोट त्यांचं शेवटपर्यंत मांडीवरच होतं, आणि ते बाईंच्या तोंडाकडे पाहत होते.