लाल एकीकडं, काळं एकीकडं

बलभीम : माय, अंगणातले ढीग कुठं गेले?

जाईबाई : कुठं जातील? हे काय, भिंतीकडंला. सारवून घेतलं आन् नीट लावून ठिवले. तुझं साहेब येनार म्हनलास न्हवं?

बलभीम : नीट म्हंजे कसे?

जाईबाई : लाल एकीकडं, काळं एकीकडं. पांढऱ्या ठिपक्याचं त्या टोपल्यात. समदं चाळनीनं चाळलं. माती तेवढी टाकून दिली.

बलभीम : टाकली?

जाईबाई : मातीला कोन बघतंय?

बलभीम : अगं, ओळीनं मांडले होते मी. दारापासनं पार लिंबापतोर. दारापसला ढीग म्हंजे बोअरचा वरचा दगड, लिंबापसला म्हंजे तळाचा. मशीन थांबवून थांबवून भरून घेतलेले नमुने होते ते. आता कुठला किती खोलावरनं निघाला, कसं सांगू?

जाईबाई : ढिगाखाली चिठ्ठ्या व्हत्या, त्या जपून ठिवल्यात की. एक बी फाटली न्हाय.

बलभीम : नुसत्या चिठ्ठ्या घिऊन काय करू?

जाईबाई : आरं, पर मिसळलेला ढीग साहेबाम्होरं ठिवायचा का? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला व्हते तवा मुकादम असल्या ढिगाला मोजायला टेप लावत न्हवता. बारीक एकीकडं, जाड एकीकडं, माती चाळून भाईर. बाकीच्या बायांना म्हनायचा, जाईबाईचा ढीग बघा आन् तसं लावा. त्या खडीवर तुला औरंगाबादेला धाडलं म्या. म्हनलं, माझ्या लेकराचा ढीग साहेबानं नापास करू नये.

बलभीम : तसं न्हाय गं ते.

जाईबाई : लई मोठी चूक झाली का?

बलभीम : व्हय माय. लई.

जाईबाई : मग नीट सांग मला. येड्यागत सांगू नको, समजल असं सांग.

बलभीम : कोळसा खात्यातल्या जागेला भूशास्त्रातली एम.एस्सी. लागती. ती झाली. दोन वर्सं बोअरिंगवरचा अनुभव लागतो. पाण्याच्या खात्यात तेबी झालं. पण एक तरी बोअर वरपासनं तळापतोर एकट्यानं बघितली, थर लिहून काढले, असं साहेबानं सही करून द्यावं लागतं. ती ही बोअर. काल मशीन हलेपतोर दिवस मावळला. म्हनलं आज उजेडात एकेक ढीग बघून लिहीन, अन् सकाळी तालुक्याला पोस्टात गेलो तोवर तू सारवून मोकळी. अर्ज उद्याच्या टपालानं गेला न्हाय तर ही जागा हातची गेली.

जाईबाई : कोळसा वळखायला एवढं लागतं व्हय? चुलीतला कोळसा तर मला बी कळतो.

बलभीम : दिसल्यावर सगळ्यांनाच कळतो. किती खाली हाय, किती जाड हाय, ते दिसायच्या आधी सांगायचं असतं.

जाईबाई : मग मनानं लाव की. मशीनपशी दिसभर तूच हुबा व्हतास.

बलभीम : बघतो. वर मुरूम, तो तर तू माती म्हनून फेकला. मग हा काळा पाषाण. मग ठिपक्याचा, मांजऱ्या. मग लाल.

जाईबाई : थांबलास का?

बलभीम : लाल थर दोनदा लागला होता. पहिल्यांदा किती अन् दुसऱ्यांदा किती, ते आठवंना.

जाईबाई : निम्मं हिकडं टाक, निम्मं तिकडं. साहेबाला काय सपान पडनार हाय?

बलभीम : तेच तर. त्यांना कळणारच न्हाय.

जाईबाई : मग हात का मागं घेतलास?

बलभीम : काय की. होईना.

जाईबाई : जीप आली बघ. तू बोलू नको, म्या बोलते.

गुरुसिद्धप्पा : काय ओव्हाळ, पाणी लागलं म्हणे. वस्तीवर आनंदीआनंद असेल की हो.

जाईबाई : या साहेब. म्या ह्याची आई. आधी माझं ऐका. ह्यानं दगडं ओळीनं मांडली व्हती, म्या रंगावारी लावली. त्याचा गुन्हा न्हाय. काय बोलायचं ते मला बोला.

गुरुसिद्धप्पा : रंगावारी? बघू. अहो, चाळलीतसुद्धा.

जाईबाई : खडीवरची सवय, साहेब.

बलभीम : सर, मी आता अंदाजाने परत लावायला बसलो होतो. लाल थरापाशी अडलो. तिथून खाली मला खात्री नाही.

गुरुसिद्धप्पा : वर आहे खात्री?

बलभीम : वाटते. पण तीसुद्धा वाटतेच.

गुरुसिद्धप्पा : हं. बाई, चहा मिळेल का?

जाईबाई : आमच्यात घेता?

गुरुसिद्धप्पा : घेतो की. साखर मात्र बेताची. ओव्हाळ, मी नोकरीच्या सुरुवातीला चांद्याकडे कोळशाच्या बोअरवर होतो. तिथे जमिनीतून दगडाचे गोल दांडे निघतात, ते लाकडी पेटीत क्रमाने भरायचे. एकदा पेटी उचलताना एका हमालाच्या हातून उलटली. आम्ही मनानेच भरली परत. साहेबाने बघितलं, सही केली.

बलभीम : मग?

गुरुसिद्धप्पा : मग काही नाही. पण त्या कागदावर विसंबून उद्या कोणी खाण उघडली, त्यात माणसं उतरली, हे मनातून जाईना. महिन्याने जाऊन मीच सांगितलं. शेजारी दुसरी बोअर घ्यावी लागली आणि मला जे ऐकावं लागलं ते तुमच्या आईसमोर सांगत नाही.

जाईबाई : म्हंजे आता सही न्हाय.

गुरुसिद्धप्पा : या ढिगांवर नाही, बाई.

जाईबाई : माझ्यापायी झालं साहेब. ह्यो इथं मास्तर व्हईल, न्हायतर कारखान्यात चिकटल, पर त्याच्या मनात ते न्हाय. ते मला ठाव हाय.

गुरुसिद्धप्पा : थांबा, रडू नका. दगड अंगणात मिसळले, जमिनीत तर नाही ना मिसळले? ओव्हाळ, बोअरजवळ एखादी कोरडी विहीर आहे का? न बांधलेली?

बलभीम : आहे की, सर! दुष्काळी कामातली सरकारी विहीर. हाकेच्या अंतरावर. चैतातच तळ दिसलाय. तिच्या भिंतीला सगळे थर उघडे आहेत.

जाईबाई : ती आमीच पाडली. सरकारी म्हनून समद्या गावाचा पोहरा पडतो तितं.

गुरुसिद्धप्पा : मग उतरा. थर मोजा, प्रत्येक थराचा ताजा तुकडा काढा, बोअरच्या दगडाशी ताडून बघा.

बलभीम : बोअर विहिरीपेक्षा पुष्कळ खोल आहे, सर. खालच्याचं काय?

गुरुसिद्धप्पा : खाली जागा कोरी सोडा. नमुने मिसळले म्हणून सांगता येत नाही, असं तुमच्या हाताने लिहा.

बलभीम : कोरी जागा बघून कोळसा खातं अर्ज ठेवून घेईल?

गुरुसिद्धप्पा : हमी देत नाही. पण मी तिथे बसलो असतो तर तोच अर्ज आधी वाचला असता. अंधार पडायच्या आत करा, मी सही करून जीपमधूनच टपालाला नेतो.

जाईबाई : म्या बी येते हिरीवर. दोर धरीन.

बलभीम : दोर सरांचा ड्रायव्हर धरील. तू वर दगड मांडून घे.

जाईबाई : म्या? परत?

बलभीम : तूच.

(सरकारी विहिरीच्या काठावर. बलभीम आत उतरला आहे.)

बलभीम : माय, पाटी वर घे. हा मुरमाचा. तुझ्या पायापाशी ठेव.

जाईबाई : ठिवला.

बलभीम : आता काळा. त्याच्या खालच्या अंगाला, हातभर सोडून.

जाईबाई : ठिवला. साहेब, बराबर हाय का वो?

गुरुसिद्धप्पा : मला नका विचारू. बोअर त्याची आहे.

बलभीम : माय, त्याच्याखाली हा ठिपक्याचा ठेव. आता लाल येतोय बघ. त्याच्याखाली परत काळा हाय. दोन्ही काळे एकत्र करायचे न्हाईत.

जाईबाई : न्हाय करत. जसं तू सांगशील तसं. सावकाश चल लेकरा, बुडाला वली माती असंल.