ग्रहणाला दोन तिकिटं

ऑक्टोबर १९९५. दौंड स्टेशनात रिझर्व्हेशनच्या रांगेत माझ्यापुढं दोघं बोलत होते.

"बन्सी, ऐन दिवाळीत कुठं?"

"आग्र्याकडं, हरिबामामा. खग्रास ग्रहण हाय. सकाळी साडेआठला अंधार पडणार."

"आन् दुसरं तिकीट कुणाचं?"

"आईचं. तीच मागं लागलीय."

"सोजरबाई? या वयात?"

"माझा हा फाटका ओठ बघा. मी पोटात असताना तिनं ग्रहणात भाजी चिरली, म्हणून पोरगं असं झालं, असं सारं गाव तिला बोललं."

"आन् खरंच चिरली हुती?"

"न्हाई. शप्पथ घेऊन सांगायची, पण ऐकतंय कोण?"

"मग तिथं जाऊन काय करणार?"

"विळी आन् भोपळा संगं घेणार हाय. म्हणती, चाळीस वर्सं फुकट बोलणी खाल्ली, आता चिरूनच येते."