चोकाला बांधलेला नाडा

मी मूळची उमरीकडची, ताई. बाप जिनिंगात हमाल होता, अन् दिवाळी झाली की तिथल्या अंगणात कापसाचे असे ढीग लागायचे की आम्ही लेकरं कमरेइतकी रुतायचो, बाप वरडायचा, पर आम्ही ऐकतोय व्हय. पांढरं काही दिसलं की अजून मला तेच दिसतं, नाकात सरकीचा वास येतो बगा. लगीन झालं अन् तिथून पार निलंग्याकडं आले, माळवदाच्या घरात, रुंद रुंद दगडी भिंती, अन् दार एवढं जड की नवी नवरी असताना मला ते दोन्ही हातानं लोटावं लागायचं.

त्याच दारानं आम्हाला कोंडलं. गणपती बुडवून झोपलो अन् पहाटं जमीन हालली, भिंत दारावर आली, आतून किती धक्के मारले तरी दार हालंना, माझी लेक मनी पाळण्यात, मी बोंबलून राहिले. आमचे मालक बाहेर अंगणात झोपले होते म्हणून वाचले, त्यांनी नुसत्या हातानं दगड-माती उपसली, नखं गेली त्यांची, पर दाराला फट पाडली, आधी लेकराला काढलं, मग मला. गावात किती गेले ते नका विचारू. तवापासून मी दार लावणं सोडलं. पत्र्याच्या शेडात लावलं न्हाई, लातूरला आलो तर खोलीचं लावलं न्हाई. मालक म्हणायचे, अगं चोर येईल, मी म्हणायची येऊ द्या, न्यायला हाय काय, भांडी न्हाईतर तुम्ही.

लातूरला तवा गल्लीगल्लीत क्लास निघून राहिले होते. बिलोली, देगलूर, कुठून कुठून लेकरं यायची, डोक्यावर गादी अन् हातात बादली. मी डबे सुरू केले. अन् मालकांचं जनरेटरचं काम निघालं, कारण लाईट कवा जाईल त्याचा नेम नव्हता अन् क्लासवाल्यांना अंधार चालायचा न्हाई. बिघडलेले जनरेटर घरीच यायचे. एका अंगाला मपल्या पोळ्या, एका अंगाला त्यांचे पाने-पक्कड, लेकरं म्हणायची मावशी, आज पोळीला पेट्रोल लावलं का तूप. मनी मधी बसून गणितं करायची, अन् इंजन चालू करायला दोरी ओढायची झाली की हे हाक मारायचे, मनी ये गं, की ती पेन कानावर ठेवून यायची अन् फर्रकन ओढायची.

खंडेनवमीला हे सगळ्या मशिनी धुवून पुसून ओळीनं मांडायचे. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, अन् लाल नाडा. तो नाडा चोकाच्या दांडीला बांधायचे, असा गच्च की दांडी सरकूच नये. गार पडलेली मशीन चोक ओढल्याबिगर उठत न्हाई ना, म्हणून. म्हणायचे, आज हिला आराम हाय, कुणी उठवायचं न्हाई. कुण्या क्लासवाल्यानं निरोप धाडला तरी हे हालायचे न्हाईत. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मनीनं गाठ सोडायची, चल बाई ऊठ म्हणायचं, अन् मग दोरी. तो मान मनीचा.

मनी शिकली, नोकरीला लागली, जावयासंगं अमेरिकेला गेली. मालक मागं एकाएकी गेले, काही सेवा करू दिली न्हाई, अन् मनी येईस्तोवर सगळं उरकलं होतं. ती आली, बसली, सगळ्यांना पाणी दिलं, पर रडली न्हाई. मला तेचं लई वाटायचं.

मागल्या थंडीत दिवस मावळायच्या टायमाला तिचा व्हिडिओवर फोन आला. तिकडं सकाळ. म्हणली माय, हे बग, अन् गाडी ठेवायच्या खोलीचं दार वर सरकवलं, तर म्होरं कमरेच्या वर बर्फ. जावई परगावी, बारक्या नातीला, ईराला, ताप, डॉक्टरनं बोलावलेलं, मोठा रस्ता साफ झालेला पर मपल्या दारातलं ज्याचं त्यानं काढायचं, अन् बर्फ उडवायची मशीन चालू होईना. काय सांगू तुम्हाला, मला कापूस दिसायला पायजे होता, पर दिसली ती भिंत. आत मपली मनी अन् तिचं लेकरू, अन् उपसायला बाहेर कुणी न्हाई.

म्हणलं मशीन दाखव. बगते तर जनरेटरचंच इंजन, म्होरं बर्फ ओढणारं पातं अन् वर फेकायचं धुराडं. मी काही मिस्तरी न्हाई, ताई, मी बॅटरी धरणारी, पर मालक काय काय विचारायचे ते ध्यानात होतं. पेट्रोल हाय का. हाय. जुनं तर न्हाई. न्हाई माय, परवाच भरलं. पेट्रोलचा कॉक उघडला का. उघडला. मग ओढ. फुस्स करून गप. खाली क्लास सुटलेले, गाड्यांचा कालवा, मला काही नीट ऐकू येईना, परत ओढ म्हणलं. परत फुस्स. प्लग काढ. काढला, कोरडा खडखडीत. म्हणजे पेट्रोल पोचून न्हाई राहिलं. चोक ओढला का गं. ओढतेय माय, सरकंना, गारठ्यानं आखडला वाटतं. हातात तिच्या जाड मोजे, ध्यान सगळं लेकराकडं. म्हणलं फोन तिथं धर.

धरला. लाल नाडा. वाळलेला झेंडू.

मनी म्हणली, नवमीला बांधला गं माय, दसऱ्याला हितं सुट्टी नसती, कामाला पळाले, सोडायचाच राहिला. मोजे काढले तिनं, पर गाठ सुटंना, म्हणली आबांच्या गाठीसारखीच गच्च बसलीय गं, अन् बाप गेल्यावर नव्हती रडली ती तिथं मशीनीपशी बसून रडली. कात्री आणते म्हणली. म्हणलं कात्री नको, बोटांवर तोंडाची वाफ सोड, सुटती. मलाबी हुंदका येऊन राहिला होता, पर लेकरू तापलेलं. सुटली गाठ. म्हणलं प्लग लाव, अन् म्हण. चल बाई ऊठ, म्हणली ती. चोक ओढला, दोरी ओढली, अन् उठली की हो मशीन!

मी वरडले, धुराड्यात हात घालू नको गं, तुंबलं तर आधी बंद कर. तिनं फोन फळीवर टेकवला अन् निघाली. बर्फ असा वर उडून राहिला, उन्हात भुरूभुरू खाली येऊन राहिला, आता मात्र मला कापूस दिसला, बाप दिसला, मालक दिसले, कोण कुठलं काही कळंना, मी नुसती बगत बसले. काळी वाट रस्त्याला जाऊन लागली, गाडी निघाली, ईरानं काचेतून हात हालवला.

फोन बंद झाला तर खोलीत एवढी शांतता कशी म्हणून मान वळवली. मपलं दार लागलेलं, कडीसुद्धा. मशीनीचा आवाज ऐकायला मीच उठून लावलं असणार, कवा लावलं ते ठावं न्हाई. उठून उघडावं म्हणलं, अन् न्हाई उघडलं. भ्या वाटलं न्हाई, ताई. तशीच बसले अंधार पडस्तोवर.

ईरा बरी हाय आता, पळती. अन् मी तवापासून दार लावते, म्हणून मघाशी तुम्हाला दार वाजवावं लागलं बगा. तुमचं घरदार सुखात राहो. जाताना ओढून घ्या, कडी मी आतून लावते.