बहिऱ्या आत्याचं वाण

सोलापुरात दुपारी खास बायकांसाठी नाटक होतं. त्यातल्या बहिऱ्या आत्याचं काम द्वारकेचे वडील करत. ते वारून महिना झाला होता. आत्याच्या लुगड्यात दुसऱ्या कुणाला पाहणं आपल्याला सोसेल का, या विचारानं द्वारका रांगेतच थबकली. पुढे दोघी बोलत होत्या.

“सारजे, ती आत्या बाई न्हाय, बाप्या व्हती, ठावं हाय का?”

“काय सांगतीस! अगं, संक्रांतीला मी पडद्यामागं जाऊन तिला हळदीकुंकू लावलं, वाण दिलं!”

“त्यानं घेतलं?”

“पदर पसरून घेतलं की! वर म्हनला, ‘जरा मोठ्यानं बोल, पोरी.’”

“वारला गं तो. आज नवा हाय. जायाचं का घरला परत?”

“नगं. कुनीच हसलं न्हाय, तर घाबरंल बिचारा.”

द्वारका पुढे सरकली.