हातावरचं दही

थांब गो सिस्टर, लिहू नको अजून, ती फाईल ठेव जरा खाली – सकाळपासून पोटात काही गेलंय का, असंच विचारलंस ना – सांगते, पण मला एका शब्दात नाही येत सांगायला, गोष्टीतच येतं. तर आटपाट काळाचौकी होती. तिथल्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर एक म्हातारी राहायची, मालन नावाची. तिचा मुलगा हितेंद्र, सून मेघना आणि चार वर्षांची नात अक्षदा – हो, हीच, ही खाटेवर बाहुलीचे केस उपटतेय ती. कळलं तुला, तरी ऐक. ह्या पोरीचा खुबा जन्मापासून खोबणीत बसलेलाच नव्हता. चालायला लागली ती डुलतच, आणि म्हातारी काय म्हणायची – माझी बाय ठुमकते. दोन वर्षं कौतुक केलं. हाडांचा फोटो काढला तेव्हा कळलं ठुमकणं कसलं ते.

मग ऑपरेशनच्या तारखा सुरू झाल्या. पहिल्या तारखेला पोरीला ताप, दुसऱ्या तारखेला खोकला – भुलीचे डॉक्टर नको म्हणाले. आजची तिसरी. ही गेली तर पुढची दिवाळीनंतर, आणि तोवर हाड आणखी अडून बसेल म्हणतात. घरात तयारी म्हणशील तर लग्नघराला नसते एवढी. छातीखालपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, तीन महिने, पोर ओंडक्यासारखी आडवी – म्हणून हितेंद्रने पलंगाखाली विटा लावल्या, उचलताना मेघनाची कंबर जायला नको. मेघनाने सहा फ्रॉक दोन्ही बाजूंनी उसवून नाड्या लावल्या. आणि रोज संध्याकाळी दोघं काय करायची – तांदळाचं पोतं पलंगावर ठेवून ते कुशीवर वळवायची, एक-दोन-तीन म्हणत, पोरीला असं वळवावं लागणार म्हणून. पोत्याला 'अक्षू, दुखलं का गं' म्हणून विचारायची मेघना. हसतेस काय, मीपण हसले होते, मग मोरीत जाऊन रडले. आणि म्हातारीला काम काय दिलं – एकच. मेघना म्हणाली, आज सकाळी आम्ही दोघं खाली रक्त द्यायला जातो, तेवढा वेळ पोरीजवळ बसा, पाण्याचा थेंब देऊ नका. बस, एवढंच.

बसली म्हातारी. पण तिच्या घरातून पन्नास वर्षांत कोणी मोठ्या कामाला कोरड्या हाताने गेलं नाही. हातावर दही-साखर, मगच उंबरा. नवरा तिचा, गणपत, गिरणीत जायचा, त्याला तर रोज. एकदाच विरजण लागलं नाही आणि तो तसाच गेला – त्या दिवशी मशीनच्या पट्ट्यात हात गेला त्याचा, कोपरापासून. तू म्हणशील म्हातारी खुळी. असेल. मेघनाला विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती, म्हणून तर विचारलं नाही. घरून डबीत आणलं, पिशवीत लुगड्याच्या घडीत. – केवढं? करंगळीच्या टोकाएवढं, शकुनापुरतं. – नाही गो, खोटं कशाला बोलू. पोर रात्रीपासून उपाशी, दही बघून तिने पिल्लासारखी चोचच उघडली. आणखी दे आजी, आणखी दे. म्हातारीने डबी – मी डबी रिकामी केली. मीच. चार चमचे असेल. सात वाजले होते.

तोंड पुसलं तिचं, हात पुसला, आणि तू विचारलंस तर नाही म्हणायचं असं ठरवून बसले होते. मग त्या समोरच्या खाटेवरची बाई सहज बोलली, भुलीत उलटी झाली तर श्वासात जाते, म्हणून उपाशी ठेवतात पोरांना. तेव्हापासून मी हिच्या पोटाकडेच बघतेय. उपाशी ठेवा म्हणून मलाही सांगितलं होतं – पण शकुन म्हणजे जेवण नव्हे, असंच वाटलं मला. सांगितलं तर तारीख जाते, नाही सांगितलं तर पोर जाईल. मी कुठे जाऊ? लिही. दही, सात वाजता, आजीने दिलं. मेघनाचं नाव नको घालू, तिला ठाऊकच नाही.

कुठे फोन लावतेस – डॉक्टरांना? लाव. मी बसते गप्प. – काय म्हणाले? ओरडले ना, ओरडू देत, मलाच द्यायचा होतास फोन. – काय? मोठ्याने सांग, मला कमी ऐकू येतं. त्या समोरच्या मुलाला आधी घेणार, आणि हिला पोट रिकामं झालं की, दोन वाजल्यानंतर. – आज? आजच दोन वाजता ना, पुढची तारीख नव्हे? परत एकदा सांग. – हो. हो, तोवर थेंबसुद्धा नाही. तूच बस वाटल्यास इथे, माझा नको भरवसा धरू.

ती बघ, दोघं आली जिन्यावरून, दंडाला कापूस दाबून. मेघना माझ्याकडे बघून हसतेय. तू जा, बाई. तिला मी सांगते.